पोर्तुगालचा राजा दीड दिवसात कसा गेला? १९१० ची राज्यक्रांती आणि गोवा

गोव्यातल्या मराठी संस्थांच्या स्थापनेची सालं पाहिली, तर १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एकदम गर्दी झालेली दिसते. पणजीचं सरस्वती मंदिर हे वाचनालय १९१२ चं. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी केप्याहून चालवलेलं ‘भारत’ हे पत्रही त्याच सालचं. ठिकठिकाणी मराठी शाळा निघत होत्या आणि हिंदू घरांतली मुलं सरकारी नोकरीचा विचार करू लागली होती. गोवेकरांची स्वतःची तयारी त्यामागे होतीच. पण इतकी वर्षं बंद असलेलं दार उघडलं ते लिस्बनमध्ये. ५ ऑक्टोबर १९१० ला तिथल्या लोकांनी राजाला घालवलं आणि प्रजासत्ताक जाहीर केलं.

शाळेत आपण फ्रान्सची क्रांती शिकतो, रशियाची शिकतो. ही क्रांती आपल्या पुस्तकांत जवळपास नाहीच, आणि मला याचं फार वाईट वाटतं. फ्रेंच क्रांतीचे विचार आपल्याकडे पुस्तकांतून आले. पोर्तुगालची क्रांती मात्र सरकारी गॅझेटातून थेट मराठी माणसाच्या घरापर्यंत पोचली. शिवाय एखादी राजवट नेमकी कशी पडते, हे समजून घ्यायला इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणं कठीण. इथे राजाच्या फौजेचा म्हणावा तसा पराभव झालाच नाही. राजासाठी जीव द्यावा असं वाटणारी माणसंच उरली नव्हती. ती का उरली नाहीत, हे पाहायचं तर वीस वर्षं मागे जावं लागतं.

गुलाबी नकाशा

१८८० च्या दशकात युरोपातले देश आफ्रिका वाटून घेत होते. पश्चिमेला अंगोला आणि पूर्वेला मोझांबिक या दोन वसाहती पोर्तुगालकडे आधीपासून होत्या. मधला पट्टा आपलाच आहे असं दाखवणारा एक नकाशा लिस्बनने तयार केला. त्यात हा सगळा भाग गुलाबी रंगवला होता, म्हणून ‘गुलाबी नकाशा’. पण ब्रिटनला कैरोपासून केपटाऊनपर्यंत आपली सलग सत्ता हवी होती आणि ती नेमकी याच पट्ट्यातून जात होती.

११ जानेवारी १८९० रोजी ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला : मधल्या मुलखातून सैन्य मागे घ्या, नाहीतर संबंध तोडू. ब्रिटन म्हणजे पोर्तुगालचा सगळ्यात जुना दोस्त, दोघांमधला तह १३८६ सालचा. त्या दोस्तानेच दम भरला आणि लिस्बनच्या सरकारने त्याच दिवशी माघार घेतली. राजा पहिला कार्लोस गादीवर येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

लढून काही उपयोग नव्हता, हे आज शांतपणे बघितलं की पटतं. पण लोकांना ते तसं दिसलं नाही. लिस्बनमधल्या कवी कामोइंशच्या पुतळ्याला विद्यार्थ्यांनी काळं कापड गुंडाळलं. त्याच संतापात एक गाणं जन्माला आलं. १९११ मध्ये ते देशाचं राष्ट्रगीत झालं आणि आजही तेच आहे. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १८९१ ला, पोर्तो शहरात सैनिकांनी उठाव करून नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर केलं. काही तासांतच तो उठाव मोडला गेला. पण त्या दिवसापासून ‘राजा गेला तर देश वाचेल’ ही गोष्ट उघड बोलली जाऊ लागली.

या अपमानाचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. मोझांबिकमधली बंडाळी मोडण्यासाठी १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांना आफ्रिकेला जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला, पणजी सोडली आणि सत्तरीतल्या नाणूसच्या किल्ल्यात जाऊन बसले. सत्तरीच्या राणे घराण्यातले दादा राणे त्यांना मिळाले. हे बंड शमवण्यासाठी लिस्बनहून जी फौज आली, तिच्याबरोबर खुद्द राजाचा धाकटा भाऊ आफोंसो होता. आफ्रिकेतला मुलूख सांभाळण्याची हाव या घराण्याला किती ठिकाणी महागात पडत होती, ते यावरून दिसतं.

कर्ज आणि आळीपाळीचं राज्य

अपमान सहन होतो, जर घर नीट चाललं असेल तर. पोर्तुगालचं घर चालत नव्हतं. रेल्वे, बंदरं, रस्ते यांच्यासाठी काढलेलं कर्ज डोईजड झालं होतं. ब्राझीलला पोट भरायला गेलेले लोक घरी पैसे पाठवत आणि त्यावर परदेशी चलनाची गरज भागायची. १८८९ मध्ये ब्राझीलमधली राजेशाही उलथली, तिथे आर्थिक गोंधळ सुरू झाला आणि हा ओघ आटला. १८९२ मध्ये पोर्तुगालने परदेशी कर्ज पूर्ण फेडता येणार नाही असं जाहीर केलं. ब्राझीलचा पदच्युत सम्राटसुद्धा पोर्तुगालच्या राजाच्याच ब्रागांझा घराण्यातला होता, हेही लिस्बनमधल्या लोकांच्या नजरेतून सुटलं नाही.

अशा वेळी संसदेने काहीतरी करायला हवं होतं. संसद होती, निवडणुकाही होत्या. पण ‘रेजेनेरादोर’ आणि ‘प्रोग्रेसिस्टा’ हे दोन पक्ष आळीपाळीने सरकार चालवत. पद्धत अशी होती की राजा आधी पंतप्रधान नेमायचा, मग तो पंतप्रधान निवडणूक घ्यायचा आणि गावोगावच्या पुढाऱ्यांना हाताशी धरून बहुमत जमवायचा. म्हणजे मतदानाने सरकार ठरायचं नाही, सरकारच मतदानाचा निकाल ठरवायचं. लोकशाहीचा सांगाडा उभा ठेवून आतला जीव काढून घेतला, की लोकांचा राग एका विशिष्ट माणसावर जातो : ज्याच्या सहीने हे सगळं चालतं त्याच्यावर. पोर्तुगालमध्ये ती सही राजाची होती.

राजा नको, प्रजासत्ताक हवं म्हणणाऱ्या, १८७६ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची ताकद शहरांत होती. त्याला रोखण्यासाठी १९०१ मध्ये निवडणूक कायदाच बदलला गेला. लिस्बन आणि पोर्तो शहरांचे तुकडे पाडून ते आजूबाजूच्या खेड्यांना जोडले. शहरातली मतं खेड्यांतल्या, पुढाऱ्यांच्या मुठीतल्या मतांमध्ये अशी बुडवली की दुधात पाणी घालावं. पुढे पंतप्रधान झालेल्या जोआंव फ्रांको यांनीच या कायद्याला ‘नीच घाण’ म्हटलं होतं. माझ्या मते राजेशाहीने स्वतःवर केलेला हा सगळ्यात मोठा घाव. मतपेटीतून बदल होऊ शकतो असं म्हणणाऱ्या मवाळ रिपब्लिकनांकडे त्यानंतर बोलायला काही उरलं नाही.

दुकानातले कारकून आणि ‘चुलतभाऊ’

मग पुढे आली कार्बोनारिया ही गुप्त संघटना. सभासद लहान लहान गटांत बांधलेले, एकमेकांना ‘चुलतभाऊ’ म्हणायचे आणि आपल्या गटापलीकडचं फारसं कोणाला ठाऊक नसायचं. दुकानांतले कारकून, छापखान्यातले जुळारी, शाळामास्तर, गोदीतले कामगार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सैन्यातले सार्जंट आणि नौदलातले खलाशी यात होते. मोठे सेनाधिकारी थोडेच होते. देशातली चारातली तीन माणसं तेव्हा निरक्षर होती आणि बहुतेक लोक शेतीवर जगत. पण कार्बोनारियाचा माणूस शहरातला, वाचता येणारा, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारा होता. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण प्रजासत्ताकाची ताकद इथूनच आली आणि त्याचं दुखणंही इथलंच.

जोआंव फ्रांको १९०६ मध्ये पंतप्रधान झाले. त्यांना कारभार सुधारायचा होता, पण त्याच नादात त्यांनी संसदेत एक गोष्ट उघड केली : राजघराणं वर्षानुवर्षं सरकारी तिजोरीतून नियमबाह्य उचल घेत आलं होतं. देश कर्जाने वाकलेला असताना हे बाहेर आलं. १९०७ मध्ये फ्रांको यांनी संसद बरखास्त केली आणि फर्मानांवर कारभार सुरू केला. राजाने त्यांना पाठिंबा दिला. आजवर राजाकडे किमान पंच म्हणून तरी पाहिलं जाई, तेही संपलं.

१ फेब्रुवारी १९०८. राजकुटुंब विला विसोझाहून परतलं, तेजो नदी ओलांडून लिस्बनच्या धक्क्यावर उतरलं आणि उघड्या बग्गीतून निघालं. राजकीय कैद्यांना हद्दपार करण्याची मुभा देणाऱ्या फर्मानावर राजाने नुकतीच सही केली होती. तेरेइरो दो पासो चौकात दोघे पुढे झाले : मानुएल बुईसा हा शाळामास्तर आणि आल्फ्रेदो कोश्ता हा दुकानातला नोकर. राजा कार्लोस जागीच गेला. युवराज लुइश फिलिप गेला. राणी अमेलिया उभी राहून हातातल्या फुलांच्या गुच्छाने मारेकऱ्याला मारत होती. धाकटा मुलगा मानुएल दंडाला गोळी लागून वाचला आणि अठराव्या वर्षी राजा झाला.

या हत्येचं समर्थन करता येत नाही. पण नंतर जे घडलं ते जास्त बोलकं आहे. मारेकऱ्यांच्या कबरीवर लोक फुलं घेऊन जात होते, बुईसाच्या पोरक्या मुलांसाठी वर्गणी गोळा होत होती. राजाच्या खुनानंतर राजधानीत अशी भावना असेल, तर ते सिंहासन आधीच रिकामं झालेलं असतं.

मानुएलने सलोख्याचा प्रयत्न केला, फ्रांकोंना दूर केलं. पण पावणेतीन वर्षांत त्याला सहा मंत्रिमंडळं बदलावी लागली. दरम्यान १९०८ मध्येच लिस्बनची नगरपालिका रिपब्लिकनांनी जिंकली. एप्रिल १९०९ मध्ये सेतुबाल इथल्या अधिवेशनात पक्षाने सशस्त्र क्रांतीचा मार्ग स्वीकारला.

ते दोन दिवस

ऑक्टोबर १९१० मधला घटनाक्रम वाचताना वाटतं की ही क्रांती फसायलाच निघाली होती. उठावाची वेळ ठरली होती ३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर एक वाजताची. त्याच दिवशी पक्षाचे एक प्रमुख नेते, मनोविकारतज्ज्ञ डॉ. मिगेल बोंबार्दा यांना त्यांच्याच रुग्णालयात एका रुग्णाने गोळ्या घातल्या. संध्याकाळी ते वारले. उठाव पुढे ढकलावा असं अनेकांचं मत पडलं, पण अॅडमिरल कांदिदो दोस रेइस मागे हटायला तयार नव्हते.

रात्री काही पलटणी उठल्या, काही उठल्याच नाहीत. निरोप चुकले. सगळं फसलं अशी समजूत झाल्याने पहाटे अॅडमिरलनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आवेनिदा दा लिबेर्दादे या रुंद रस्त्याच्या वरच्या टोकाला रोतुंदा नावाचा गोल चौक आहे. तिथे बंडवाल्या सैनिकांनी मोर्चे बांधले होते. अॅडमिरलची बातमी पोचल्यावर बहुतेक अधिकारी ४ तारखेच्या सकाळी तिथून निघून गेले.

एक माणूस राहिला. माशादो सांतोस. तो लढाऊ अधिकारी नव्हता, नौदलाच्या कोठी-हिशेब विभागातला होता. त्याच्याबरोबर उरले सार्जंट, शिपाई आणि शस्त्रं घेऊन आलेले साधे नागरिक, सगळे मिळून काहीशेच. समोरच्या रॉसियो चौकात राजाची फौज संख्येने कितीतरी मोठी होती. कॅप्टन पायवा कौसेइरो याने तोफखाना घेऊन हल्लेही केले आणि तो मनापासून लढला. पण त्याच्या पाठीशी बाकीच्या पलटणी हलल्याच नाहीत. तोफांच्या आवाजात दिवस जात होता आणि शहरातली माणसं हळूहळू रोतुंदाकडे भाकरी, पाणी, काडतुसं घेऊन येत होती.

दुपारी ‘आदामास्तोर’ आणि ‘साओ राफायेल’ या युद्धनौकांनी नदीतून नेसेसिदादिश राजवाड्यावर तोफा डागल्या. आदल्या रात्री राजाने ब्राझीलच्या नियोजित अध्यक्षांबरोबर मेजवानी घेतली होती. आता तो मोटारीने माफ्राकडे निघाला.

५ तारखेची सकाळ ही या क्रांतीतली सगळ्यात विलक्षण वेळ. परदेशी नागरिकांना शहराबाहेर पडता यावं म्हणून जर्मन वकिलातीच्या प्रमुखाने दोन्ही बाजूंकडे थोडा वेळ युद्धबंदी मागितली. त्यासाठी तो पांढरं निशाण घेऊन रस्त्यातून निघाला. ते निशाण पाहून लोकांना वाटलं, राजाच्या सैन्याने हत्यारं टाकली. घराघरांतून माणसं बाहेर आली, आवेनिदा भरून गेली, शिपायांना मिठ्या मारू लागली. राजाची फौज त्या गर्दीवर गोळीबार करू शकली असती. तिने केला नाही. माशादो सांतोस त्या गर्दीतून रॉसियोतल्या मुख्यालयात गेला, आणि थोड्याच वेळात जोझे रेल्वास यांनी नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर केलं. दोन्ही बाजूंचे मिळून काही डझन लोक मेले होते.

गैरसमजाने क्रांती झाली असं यावर कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. पांढरं निशाण दिसल्यावर लोकांनी घाबरून दारं लावली असती तरी तो गैरसमज तितकाच खरा होता. ते बाहेर आले आणि शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या, कारण दोघांनाही हेच व्हायला हवं होतं.

त्या दिवशी एरिसेइराच्या किनाऱ्यावरून कोळ्यांच्या होड्यांतून राजा, त्याची आई आणि आजी शाही नौकेवर चढले. गोव्यात फौज घेऊन आलेला काका आफोंसोही त्या नौकेवर होता. पोर्तोला जाऊन लढावं असं मानुएलच्या मनात होतं, पण नौका जिब्राल्टरला गेली. १९३२ मध्ये त्याचं इंग्लंडमध्ये निधन झालं. बाकीच्या पोर्तुगालला प्रजासत्ताक आल्याचं तारेने कळवण्यात आलं. गावोगावी नगरपालिकांवर निशाण बदललं, इतकंच. युरोपात तेव्हा फ्रान्स आणि स्वित्झर्लंड सोडले तर जवळजवळ सगळीकडे राजेच होते, त्यामुळे ही तार लहान वाटली तरी मोठी होती.

नवं राज्य कोणाचं?

तेओफिलो ब्रागा यांच्या हंगामी सरकारने कामाचा सपाटा लावला. न्यायमंत्री अफोंसो कोश्ता यांनी काही दिवसांतच जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांना देशाबाहेर काढलं आणि मठ बंद केले. नोव्हेंबर १९१० मध्ये घटस्फोटाचा कायदा आला, डिसेंबरमध्ये लग्न हा दिवाणी करार ठरला आणि २० एप्रिल १९११ ला धर्म आणि राज्य वेगळे करणारा कायदा झाला. त्याच वर्षी नवी राज्यघटना आली, एस्कुदो हे नवं चलन आलं आणि मानुएल दे आरियागा पहिले निवडून आलेले अध्यक्ष झाले.

राज्याचा धर्म नसावा हे तत्त्व योग्यच होतं. पण धर्मगुरूंनी झगा घालून रस्त्यावर फिरायचं नाही, मिरवणुकीला सरकारची परवानगी लागेल, अशी बंधनं उत्तरेकडच्या गावांत पोचली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला वाटलं की शहरातले लोक आपल्या देवावर उठले आहेत. शाळा, दवाखाना, जमीन यातलं काही त्याच्या गावात आलं नव्हतं. आली ती फक्त बंदी.

मताधिकाराची गोष्ट तर मला याहून जिव्हारी लागते. १९११ च्या नियमानुसार एकवीस वर्षांवरच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या पोर्तुगीज नागरिकांना मत होतं. ‘पुरुष’ असा शब्द नियमात नव्हता. कारोलिना बेआत्रिश आंजेलो या डॉक्टर होत्या, विधवा होत्या, मुलीला एकट्या सांभाळत होत्या. म्हणजे शिकलेल्या आणि कुटुंबप्रमुख, दोन्ही. नाव नोंदवायला नकार मिळाला, तेव्हा त्या कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २८ मे १९११ ला त्यांनी मत टाकलं. पोर्तुगालमध्ये मत देणारी ही पहिली स्त्री. त्याच ऑक्टोबरात त्या वारल्या. १९१३ मध्ये नवा कायदा आला : मतदार पुरुषच हवा आणि साक्षर हवा. कारोलिना यांनी शोधलेली वाट बुजवली गेली, शिवाय निरक्षर कुटुंबप्रमुखांचं मतही गेलं. मतदारांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. जनतेच्या नावाने आलेल्या राज्याला जनतेची भीती वाटली. खेडूत पाद्र्याच्या सांगण्यावरून राजेशाहीला मत देतील, हे त्यामागचं कारण. कामगारांनाही तोच अनुभव आला. रोतुंदावर काडतुसं पोचवणारे हेच लोक होते, पण जानेवारी १९१२ मध्ये लिस्बनला सार्वत्रिक संप झाला तेव्हा सरकारने लष्कर बोलावलं आणि शेकडोंना तुरुंगात घातलं.

यापुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १९१६ मध्ये पोर्तुगाल पहिल्या महायुद्धात ओढला गेला, एप्रिल १९१८ मध्ये ला लीसच्या लढाईत त्याच्या तुकडीची दाणादाण उडाली. महागाई भडकली. १९१८ च्या डिसेंबरात अध्यक्ष सिदोनियो पाइश यांचा रॉसियो स्टेशनात खून झाला. सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळं झाली. १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री बंडखोर खलाशी एक ट्रक घेऊन लिस्बनमध्ये फिरले आणि घराघरांतून माणसं उचलून त्यांना मारलं. मेलेल्यांत माजी पंतप्रधान होते, आणि रोतुंदावर एकटा टिकून राहिलेला माशादो सांतोसही होता.

२८ मे १९२६ ला सैन्याने सत्ता घेतली, तेव्हा प्रजासत्ताक वाचवायला फारसं कोणी रस्त्यावर आलं नाही. १९१० मध्ये राजाची जी अवस्था होती, तीच सोळा वर्षांनी प्रजासत्ताकाची झाली. १९२८ मध्ये सालाझार अर्थमंत्री झाले, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि त्यांनी उभी केलेली हुकूमशाही १९७४ पर्यंत टिकली.

गोव्याच्या वाट्याला काय आलं

पोर्तुगालच्या शेतकऱ्याला ज्या कायद्याने बंदी दिली, त्याच कायद्याने गोव्यातल्या हिंदूला बरोबरी दिली. कारण जुन्या राज्यघटनेत, १८२६ च्या सनदेत, रोमन कॅथलिक हाच राज्याचा धर्म असं स्पष्ट म्हटलेलं होतं. इतर धर्म फक्त परदेशीयांना, तेही घरातल्या घरात पाळायला मुभा. अठराव्या शतकात पोर्तुगालचे मुख्यमंत्री मार्किस पोंबाल यांनी गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला गोऱ्या पोर्तुगीजाच्या बरोबरीचे हक्क दिले, पण हिंदू त्याच्या बाहेर राहिला. पुढे काही सवलती मिळत गेल्या, नव्या काबिजादींमधल्या (पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांतल्या) रीतिरिवाजांना संरक्षणही होतं. तरी राज्याच्या नजरेत तो दुय्यम प्रजाजनच होता. राज्याला धर्मच राहिला नाही, तेव्हा हे दुय्यमपण कायद्यातून निघून गेलं. प्रजासत्ताकाचे पहिले गव्हर्नर कौसेइरो दा कोश्ता १९१० ते १९१७ गोव्यात होते आणि हिंदूंच्या शिक्षणाविषयी त्यांचं धोरण सहानुभूतीचं होतं.

वर्तमानपत्रं काढायला मोकळीक मिळाली. पोर्तुगीजमध्ये लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९११ मध्ये ‘ओ देबाते’ सुरू केलं (आडनाव तेच असलं तरी हे चांदरचे गोवेकर, आणि विचाराने पक्के रिपब्लिकन). मराठीत हेगडे देसाईंनी ‘भारत’मधून सरकारला जाब विचारायला सुरुवात केली. लोक पुढे त्यांना ‘भारतकार’ म्हणूनच ओळखू लागले. याच मोकळ्या हवेत शिकलेल्या पिढीतले पांडुरंग पिसुर्लेकर पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले. मराठ्यांच्या इतिहासाचे पोर्तुगीज कागद त्यांच्यामुळे आपल्या अभ्यासकांना मिळाले. एक पिढी आधी असं पद हिंदू माणसाच्या हाती येणं अवघड होतं.

पण भाबडेपणाने पाहून चालणार नाही. हे प्रजासत्ताक वसाहती सोडायला आलेलं नव्हतं. राजावरचा त्याचा मूळ राग आफ्रिकेतला मुलूख गमावल्याचा होता. १९१२ मध्ये सत्तरीत राण्यांनी पुन्हा बंड केलं, तेव्हा लिस्बनमध्ये राजा नव्हता, तरी ते बंड मोडून काढण्यात आलं. गोवेकराला मिळाली ती साम्राज्याच्या आतली बरोबरी.

आणि तीही काढून घेता येते, हे सालाझारने दाखवलं. १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींचा दर्जा खाली आणला. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. त्या वर्षी ४ जुलैला गोव्याच्या विधिमंडळात मिनेझिस ब्रागांझा उठले आणि त्यांनी ठराव मांडला की स्वतःचं भवितव्य स्वतः ठरवण्याचा हक्क पोर्तुगीज इंडिया सोडणार नाही. वीस वर्षांपूर्वी लिस्बनने शिकवलेली भाषा आता लिस्बनलाच ऐकवली जात होती. त्याआधी दोन वर्षं त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केलेली होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण सालाझारी राजवटीने ते कधीच मान्य केलं नाही. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालच्याच लोकांनी आणि सैनिकांनी ती राजवट उलथली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस लिस्बनने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व तहाने मान्य केलं.

१९१० च्या कायद्यांपैकी काही मात्र राजवटी बदलल्या तरी राहिले. लग्न हा नोंदणीने होणारा दिवाणी करार आणि घटस्फोटाचा हक्क नवरा-बायको दोघांना सारखा, ही रचना क्रांतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत लिस्बनला निघालेल्या फर्मानांतून आलेली आहे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सगळ्यांना जवळपास सारखा लागू होणारा गोव्याचा कुटुंब कायदा देशभर चर्चेत असतो, त्याचा हा एक पाया. मडगावच्या किंवा पणजीच्या कोर्टात आजही घटस्फोटाचा दावा लागतो, तेव्हा वकील ३ नोव्हेंबर १९१० च्या फर्मानातल्या कलमांवर युक्तिवाद करतात.